हरीबाबूंच्या घरी कोण कोण?

हरिपद हालदार हे नाव आसगावात कोणी पूर्ण घेतल्याचं मला आठवत नाही. गावाला ते हरीबाबू. मी भंडाऱ्याहून लग्न होऊन इथं आले त्याच पावसाळ्यात ते पहिल्यांदा आमच्या दारात दिसले. एक हात सायकलच्या हँडलवर आणि दुसरा मागे बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या हंड्यात. आमच्या धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे, म्हणजे पावसाचं पाणी अडवलेलं लहानसं तळं. तिच्यात सोडायला ते माशांचं बी घेऊन आले होते. हंड्यातल्या पाण्यावर तळहाताने सारखं थापटत राहावं लागतं, नाहीतर पाण्यात हवा जात नाही आणि पिल्लं मरतात. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की हंडा नसला तरी हात चालूच असायचा. बोलताना मांडीवर, चहा पिताना खाटेच्या काठावर. एकदा एका मयताच्या घरी बसले असताना शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर चालला. त्या बिचाऱ्याला वाटलं, हरीबाबू आपलं सांत्वन करताहेत. तो आणखीच रडला.

मी भंडाऱ्याची, त्यामुळे माझं बोलणं शाळेतल्या बाईसारखं. हरीबाबू मात्र अस्सल इथलं बोलायचे. कायले, काहून, जाऊन राहिलो, सगळं जागच्या जागी. सासूबाई मला टोमणा मारायच्या, "हा बंगाली तुह्यापेक्षा चांगला बोलते." बंगाली ते चारचौघांत कधीच बोलत नसत. घरात लेकीच्या, मालाच्या, तोंडून एखादा शब्द निघाला तर आधी दाराकडे बघायचे, मग तिच्याकडे.

वादात तर ते कधी पडायचे नाहीत. "बरोबर, एकदम बरोबर," हे त्यांचं पालुपद. पाणी आधी कुणाच्या बांधीत सोडायचं यावरून दोन भावांचं भांडण चाललं होतं. दोघांनीही हरीबाबूंना साक्षीला ओढलं. त्यांनी दोघांनाही "एकदम बरोबर" म्हटलं आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. शिव्या ऐकतानाही ते मान हलवत होते.

टीव्हीवर घुसखोरांच्या बातम्या लागल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरपंचाकडे, पोलीस पाटलाकडे आणि आमच्याकडे मासे घेऊन यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. "जास्तीचे निघाले जी," म्हणायचे. आमचे हे थट्टेने म्हणायचे, "मासोळी आली, म्हणजे काल बातम्यायत काहीतरी होतं." पानठेल्यावरची टवाळ मंडळी विचारायची, "हरीबाबू, तुमचा नंबर कधी?" तेही त्यांच्याबरोबर हसायचे. कागद त्यांच्याकडे सगळे होते, अगदी छावणीपासूनचे, सरकारी शिक्क्यांसकट. तरी मासे यायचेच. आम्ही ते मासे रस्सा करून चवीने खात होतो, हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं.

त्यांची कहाणी मला सासूबाईंकडून तुकड्यातुकड्याने कळली. बांगलादेश व्हायच्या आधीच्या धामधुमीत ते आईवडलांबरोबर सरहद्द ओलांडून आले, तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील. वडील छावणीत हगवणीने गेले. पुढे सरकारने जंगल तोडून वसवलेल्या एका वसाहतीत मायलेकांना जमीन मिळाली, तीही आईच्या दुखण्यापायी सुटली. मग एका मासेठेकेदाराच्या मागे ते आसगावला आले आणि राहिले. लग्न झालं, बायको मालाच्या बाळंतपणात गेली, आणि तिच्या माहेरचं कोणी पुन्हा फिरकलं नाही. त्यांना स्वतःला काही विचारलं तर एवढंच म्हणायचे, "जुनं होय जी ते."

एकदाच ते त्यावर काही बोलले. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेल्या लोकांची नवी वस्ती आहे, तिथल्या तळ्यात बी सोडायला ते आमच्या ह्यांच्याबरोबर गेले होते. तिथला एक म्हातारा त्यांना काठावर घेऊन गेला आणि पाण्याकडे बोट करून दाखवायला लागला, तिथं माझं घर होतं, तिथं देऊळ, तिथं बैल बांधायचो. सांगता सांगता रडला. परत येताना हरीबाबूंनी एकदा मागे वळून पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, त्यायले बोट दाखवता येते." बस, एवढंच. ह्यांनी घरी येऊन मला ते सांगितलं आणि जेवण तसंच ठेवून उठले.

आता त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण हरीबाबूंचं सगळं वागणं तिच्याभोवती फिरत होतं. गाव तिला बुढी म्हणायचं. कोणाशी बोलायची नाही. आमच्या बोलण्यातलं तिला काही समजतं असंही कोणाला वाटत नव्हतं. जेवणाच्या वेळेला एक जर्मनची थाळी घेऊन ती घराबाहेर पडायची आणि कोणाच्याही दारासमोर जाऊन उभी राहायची. मागायची नाही, हात पुढे करायची नाही. आपल्यापुढे कोणीतरी उभं असावं तसं थोडं अंतर सोडून उभी राहायची आणि मधूनच एक पाऊल सरकायची. ती छावणीतली रांग होती. तिच्यापुरती ती अजून संपलीच नव्हती.

हरीबाबू धावत यायचे. "घरी भात ठेवून आहे जी. पोटभर ठेवून आहे. मी उपाशी ठेवत नाही तिले." हे ते आईला नाही, ज्याच्या दारात ती उभी असेल त्याला सांगायचे, अगदी हात जोडून. मग तिच्या दंडाला धरून घेऊन जायचे. जाताना कोणाकडे बघायचे नाहीत. गावातली पोरं कधी कधी आपापल्या थाळ्या आणून तिच्या मागे रांग लावायची. मोठी माणसं ओट्यावर बसून हसायची. ती मागे वळून बघायची, आणि मागे रांग आहे हे बघून तिच्या चेहऱ्यावर उलट समाधान दिसायचं. मी आत निघून जायचे. पोरांना हाकललं ते फक्त सासूबाईंनी, तेही दोन-चारदाच.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला दाखवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. शिवाय सांगितलं, की हे दुखणं सरहद्द ओलांडून येण्यात लागलेलं आहे, असे खूप जण असतात, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत राहा, गावाचं नाव काढा, माणसांची नावं काढा. गोळ्या हरीबाबूंनी कधी चुकवल्या नाहीत. पण आईशी मोकळं बंगाली बोलायचं म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाणार. ते त्यांना जमलं नाही. दार लावून, कुजबुजत दोन शब्द बोलायचे आणि बाहेर येऊन उगाच मोठ्याने इथल्या बोलीत खोकल्यापावसाचं काहीतरी बोलायचे. मला ते सगळं ऐकू यायचं. आमची भिंत सामाईक होती.

माला मात्र हुशार निघाली. नर्सिंग शिकली, तुमसरला एका खासगी दवाखान्यात लागली. तिथं एक्स-रे काढणारा मुलगा होता, बपेऱ्याचा. दोघांचं जमलं. मुलाच्या आईवडलांनी थोडे आढेवेढे घेतले, मग बोलणीला या म्हणाले. हरीबाबूंना जवळचं कोणी नव्हतं, म्हणून ते आमच्या ह्यांना घेऊन बपेऱ्याला गेले.

तिथं काय झालं ते ह्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. चहा झाला. मुलाची आई म्हणाली, "आमचं काही मागणं नाही. घरान्यात काही खोट नसली म्हनजे झालं." आणि लगेच, जसं कोणीही विचारतं तसं, विचारलं, "घरी कोन कोन आहे?" हरीबाबूंचा हात मांडीवर थांबला. ते म्हणाले, "मी अन् माला."

ह्यांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. पण तिथं बोलणार काय? परतीच्या बसमध्ये हरीबाबू खिडकीकडे तोंड करून बसले होते. पवनी आली तेव्हा म्हणाले, "भाऊ, निंगून गेलं तोंडातून." थोड्या वेळाने परत म्हणाले, "आता वापस कसं घेऊ?"

मुलाकडच्यांनी सांगितलं होतं की मंडईला येतो, घर बघतो, तिथंच पक्कं करू. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुपारी दंडारी नाचतात, दुकानं लागतात, सिंगाडे उकडून विकायला येतात. पण खरी मंडई घरात असते. त्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, आत्या, मावश्या, त्यांच्या नणंदा, कोण कुणाचं हे घरच्या बाईलासुद्धा नीट सांगता येत नाही. सोयरिकीही तिथंच जुळतात, कारण पाहुण्यांची वर्दळ बघून घराची पत समजते. हरीबाबूंच्या घरी मंडईला कधी कोणी आलं नव्हतं. ते त्या दिवशी घराला कुलूप लावून, बुढीला आणि मालाला घेऊन पवनीच्या घाटावर जाऊन बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. लोकांना वाटायचं, गेले असतील कुणाकडे पाहुणे. आम्हालाही तसंच वाटायचं.

मंडईच्या आधी दोन दिवस ते आमच्याकडे आले. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. ते नेहमीप्रमाणे दारातच उभे राहिले.

"काकीजी, एक बोलाचं होतं."

"बस तं खरं."

बसले नाहीत. "मंडईच्या दिवशी माय तुमच्याकडे ठेवाची होती. एक दिवस. तुमच्याकडे एवढे पावने राहतात, एखादी बुढी जास्त झाली तं कोनाले समजत नाही. कोनी इचारलंच तं आत्या म्हना. भंडाऱ्याकडची."

सासूबाईंचे हात थांबले. मला वाटलं, आता या झाडतात हरीबाबूंना. त्या फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध. पण मागे माला उभी होती. ती आत येऊन म्हणाली, "बाबा, आता तरी सांगून टाकू. मी सांगते त्यायले. मी त्या पोराले पन ठाकुमाचं कधी सांगतलं नाही, मलेच लाज वाटे. पन आता सांगू." आजीला ती ठाकुमा म्हणायची.

"अन् मोडलं मंग?" हरीबाबूंनी विचारलं. "तुले दुसरं कोन करन? आपलं कोन आहे अठी?"

मालाने हट्ट सोडला. ती रडली असती तर बरं झालं असतं. नुसती जमिनीकडे बघत उभी राहिली आणि तिची मान बापासारखीच हलली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आन तिले. पोरीचं चांगलं होते तं आमाले एक आत्या जास्त झाली." त्यांना त्या क्षणी वाटलं तेच त्या बोलल्या. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

मंडईच्या दिवशी सकाळीच ते आईला घेऊन आले. नवं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरले होते. थाळी त्यांनी घरीच ठेवली होती. आमच्या घरात तोवर गर्दी झाली होती. माझ्या दोन नणंदा, त्यांची पोरं, सासूबाईंची बहीण, तिच्या सुना. दारात बादली ठेवलेली. सासूबाईंनी जसे बाकीच्या बायकांच्या पायांवर पाणी घातलं तसंच बुढीच्याही घातलं, आणि हाताला धरून सतरंजीवर इतर म्हाताऱ्यांच्या ओळीत बसवलं. मी वडे आणि सुवाऱ्या वाढायला घेतल्या तेव्हा माझी नजर तिच्यावर होती, कारण ती उठून उभी राहणार असं मला वाटत होतं. ती उठली नाही. पदर डोक्यावर सारखा केला. पान समोर आलं तेव्हा बाजूच्या बाईकडे बघून तिने तिच्यासारखाच पानाभोवती पाण्याचा हात फिरवला आणि जेवली. या देशात आल्यापासून तिला कोणी पाहुणी म्हणून बसवलं असेल असं मला वाटत नाही.

दुपारी मुलाचे आईवडील आले. हरीबाबूंच्या घरी चहा झाला, माला दिसली, घर स्वच्छ होतं. पण मंडईत पाहुण्यांना एका घरात बसवून ठेवता येत नाही. शेजारी नेऊन चहा पाजावाच लागतो, नाहीतर शेजाऱ्यांशी पटत नाही असं होतं. हे हरीबाबूंच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याही नाही. आमच्या ह्यांनीच दारातून आवाज दिला, सवयीने, "या जी, अठी पन या." आणि बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ती माणसं आत आली. मुलाची आई रीतीने वागणारी बाई. ओळीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या एकेकीच्या पाया पडत आली. बुढीच्या पाया पडली, तिथंच टेकली आणि विचारलं, "आत्याबाई, तुमचं गाव कोनतं जी?"

माला चहाचं ताट घेऊन मागे उभी होती. हरीबाबू दारात. ते घाईने म्हणाले, "हे यायच्या आत्या होय. भंडाऱ्याकडच्या. यायले ऐकू कमी येते."

बुढीने मान वर केली आणि लेकाकडे पाहिलं. खूप वेळ नाही, पण नीट पाहिलं. मग मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "हो. मी यायचीच." यांचीच, म्हणजे आमची. आणि तिने सासूबाईंचा हात धरला.

इतक्या वर्षांत तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकला तो आमच्या बोलीत. म्हणजे तिला सगळं समजत होतं. रांगेतली पोरांची थट्टा, ओट्यावरचं हसणं, "मी उपाशी ठेवत नाही तिले," सगळंच. हरीबाबू दाराची चौकट धरून उभे राहिले. मालाने चहाचं ताट पुढे केलं. मुलाच्या आईने चहा घेतला, दोन घटका बसली आणि जाताना म्हणाली, "बरं वाटलं तुमच्याकडे." सोयरीक त्याच दुपारी पक्की झाली.

दिवेलागणीला पाहुणे गेल्यावर हरीबाबू आईला न्यायला आले. खाली बसून तिला हळूच बंगालीत काही म्हणाले. आमच्यासमोर, पहिल्यांदाच. तिने त्यांच्याकडे ओळखदेख नसल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "मी पावनी होय. उद्या जाईन."

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे आजच्या दिवस."

उद्या आला तेव्हाही ती "उद्या जाईन" म्हणाली. परवाही तेच. हरीबाबू रोज यायचे. तिने त्यांना कधी झिडकारलं नाही. उलट "बसा जी" म्हणायची आणि तांब्या पुढे करायची, पाहुण्याला करतात तसा. ते बसायचे. तिच्या हातचं पाणी प्यायचे. "जी" म्हणून हाक मारणाऱ्या आईपुढे तांब्या परत ठेवायचे. मग उठून जायचे. हे दुखण्यातलं होतं, की तिने लेकाचा शब्द राखला होता, की त्याला शिक्षा केली होती, ते मला आजही ठरवता येत नाही. मी एकदा धीर करून तिला विचारलं, "हे कोण तुमचे?" तर म्हणाली, "शेजारी होय. चांगला मानूस आहे."

ती आमच्याकडेच राहिली. नागपूरच्या गोळ्या त्याच होत्या. पण थाळी घेऊन ती पुन्हा कधी बाहेर पडली नाही. सासूबाईंबरोबर तांदूळ निवडायची, नातवंडांना भरवायची, एखाद्या दिवशी भिंतीला टेकून आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणायची, आणि सासूबाई समजल्यासारखी मान हलवायच्या. सुधारली असंच म्हणायला पाहिजे. आणि ते हरीबाबूंना भिंतीपलीकडून ऐकू जात होतं. आई बरी झाली याचा आनंद मानावा, तर ती आपली नसल्यामुळे बरी झाली. ते बारीक झाले. बी आणायला जाणं कमी केलं. मालाच्या लग्नात ती आमच्या बाजूला, आमची आत्या म्हणून बसली. मुलीचा बाप म्हणून हरीबाबू सगळ्यांच्या पाया पडत फिरले, तेव्हा तिच्याही पडले. तिने डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी राहा जी" म्हणाली. मी तिथून उठून आत गेले. मला बघवलं नाही.

माला माहेरी आली की आधी आमच्याकडे यायची, ठाकुमाजवळ बसायची. सासरची कोणी बरोबर असेल तर ठाकुमाला आत्याच म्हणायची. एकदा खोटं सांगितलं की ते कुणी एकानेच मोडून चालत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता. हरीबाबूंनी दोनदा बपेऱ्याला जाऊन सांगायचं ठरवलं. दोन्ही वेळा तुमसरपर्यंत जाऊन लेकीला भेटून परत आले.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, ती झोपेतच गेली. आमच्या खोलीत, आमच्या खाटेवर. अग्नी आमच्या ह्यांनी दिला, कारण ते भाचे. हरीबाबूंनी लाकडं आणली, तिरडी बांधली आणि मागच्या बाजूला खांदा दिला. ह्यांनी स्मशानात त्यांच्या हातात मडकं द्यायचा प्रयत्न केला. मालाचे सासरे तिथं उभे होते. हरीबाबूंनी हात मागे घेतले. हे घरी आले ते मोरीतच बसून राहिले. म्हणाले, "मी कोनाच्या मायले आग दिली अन् तो पाहत उभा होता."

तेरवी झाली त्याच रात्री हरीबाबूंनी घर बंद केलं. गोसीखुर्दच्या पाण्याकडे कुठे तरी असतात म्हणे, नीट कोणाला माहीत नाही. मालाकडे ते जात नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या तेरवीच्या दिवशीच.

ऊन मरणाचं होतं. मांडवात पंगत बसली होती. हरीबाबू आले ते डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून. कोणीतरी म्हणालं, "काढा की हो, घामाच्या धारा लागल्या." त्यांनी एका हाताने तो दाबून धरला. कानामागे दुपट्टा सुटला होता, तिथं मला दिसलं. डोकं तासलेलं होतं. आसगावच्या न्हाव्याकडे ते गेले नसणार, कुठे तरी लांब जाऊन केलं असणार. ते जाऊन व्याह्याच्या शेजारी, शेजारघरचा पाहुणा म्हणून, पंगतीत बसले.

मी भात घ्यायला आत गेले. विहीणबाई, मालाची सासू, तिथं वरणाच्या गंजाजवळ उभी होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती मला म्हणाली, "बाई, एक बोलू? मले त्याच दिवशी समजलं होतं."

"काय?"

"बुढी कोनाची ते. मालाची हनुवटी पाहा अन् तिची पाहा. अन् हा मानूस दारात कसा उभा होता. मी घरी जाऊन आमच्या यायले सांगतलं. हे म्हनाले, राहू दे, त्यायलेच वाटन तेव्हा सांगतीन. आमी दोन वर्षं वाट पाहून राहिलो."

मी भाताची परात खाली ठेवली. विचारलं, "मग तुम्ही खोट नको म्हणाला होतात ते?"

"ते का? ते तं सगळेच म्हनतात बाई, चहा पिता पिता." ती रडायला लागली. "मी का बुढीसाठी पोरगी सोडली असती काय? आता त्या मानसाले कोन्या तोंडानं सांगू?"

मी पदराने तिचे डोळे पुसले, परात उचलली आणि मांडवात गेले. ओळीने वाढत हरीबाबूंपाशी आले. विहीणबाई माझ्या मागेच दारात येऊन उभी राहिली होती. तिचे लाल डोळे त्यांनी पाहिले. व्याही दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलत होते. हरीबाबू पानावर वाकून, ओठ न हलवता म्हणाले, "वहिनी, त्यायले काही समजलं तं नाही ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. घाम कपाळावरून नाकापर्यंत आला होता.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला आणि पान पुढे सरकवलं. मग ते जेवले. भात दोनदा मागून घेतला.